घाटावर ईव्ही: गाडी उत्तम, पण ब्रेक ऑइलची टाकी कोणी लपवली?

रेंज, चार्जिंग, बॅटरी यावर सगळ्यांचं लिहून झालंय, तेच दळण मी परत दळत नाही. आमचं गाव पुसदच्या वरच्या अंगाला, घाटमाथ्यावर. रात्री घरी चार्जिंग, सकाळी घाट उतरून पुसद. गाडी सेकंडहँड, तरी बॅटरी ठणठणीत, आणि पेट्रोल पंपावर आता फक्त हवा भरायला जातो. कौतुक संपलं. आता ब्रेक.

पावसाळ्यात डॅशबोर्डच्या मागून घरघर वाढली. पेट्रोल गाडीत ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम इंजिनातून मिळतो. इथे इंजिनच नाही, म्हणून आमच्या गाडीत त्यासाठी विजेवरचा वेगळा पंप आहे. तो अधूनमधून वाजणारच. पण तो सारखाच वाजायला लागला. मग ब्रेकचा लाल दिवा सुरू झाला, तोही फक्त घाटाच्या वळणावर. सरळ रस्त्याला लागलं की गुल! सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणे, "सर, सेन्सर असेल, पुढच्या सर्व्हिसला बघू."

सेन्सर बरोबरच सांगत होता. टाकीतलं ऑइल इतकं उतरलं होतं की वळणावर ते एका बाजूला सरकायचं आणि सेन्सरचा तरंगता फ्लोट खाली बसायचा. हे मला आधीच का दिसलं नाही? कारण टाकी वायपरखालच्या काळ्या प्लास्टिकच्या आत कोंबलेली आहे. बॉनेट उघडा, मान वाकडी करा, मोबाईलचा टॉर्च लावा, तेव्हा झाकण दिसतं. मिनिमम-मॅक्सिममच्या रेघा मागच्या बाजूला! समोर एवढा मोठा स्क्रीन, त्यात टायरची हवा दिसते, गाण्याचं नाव दिसतं, युनिटला किती किलोमीटर पडले तेही दिसतं. ज्याच्यावर घाट उतरायचा ते तेल किती आहे, ते मात्र दिसत नाही. डिझाइन करणाऱ्याने आयुष्यात कधी बॉनेट उघडलं नसावं.

पुढचं लक्षण म्हणजे पुसदच्या गर्दीत ब्रेकवर पाय ठेवून थांबलो की पेडल हळूहळू खाली बसायचं. दोन-तीनदा दाबलं की परत वर. गाडीखाली मात्र थेंब नाही. चाकांच्या आतून तेल उतरलेलं नाही, पाइप कोरडे. मग तेल जातं कुठे?

रीजन, म्हणजे पाय उचलला की मोटरच गाडी रोखते आणि त्यातून वीज बनवून बॅटरीत परत भरते ते. त्याबद्दल माझं मत या गाडीने दोनदा फिरवलं. सुरुवातीला पाय उचलला की झटका बसायचा, आई मागे बसली की शिव्या. मग सवय झाली, आणि पॅड झिजत नाहीत म्हणून मी खूशही झालो. आता कळतं की पॅड वाचले खरे, पण खरा ब्रेक इतका कमी लागतो की तो आजारी पडलाय हे लवकर समजतच नाही. त्यात आमच्यासारख्यांची वेगळी गोम आहे. रात्रभर लावून बॅटरी 100 टक्के भरली की नवी वीज ठेवायला जागा नसते, म्हणून रीजन जवळपास बंद होतं. आणि आमचा घाट घरातून निघाल्या निघाल्याच लागतो! म्हणजे उताराचा सगळा भार त्याच आजारी ब्रेकवर. आता चार्जिंग 85 ला तोडतो.

गाडी टो करून यवतमाळला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. निदान बरोबर: मास्टर सिलेंडरची (पेडल दाबलं की तेल चाकांकडे ढकलतो तो) मागची रबरी सील गेली, तेल त्याच्या मागच्या बूस्टरमध्ये जातंय. उपाय: सिलेंडर, बूस्टर, सगळं नवीन, बावीस हजारांच्या घरात. मूळ वॉरंटी संपलेली. नुसता सिलेंडर टाका म्हटलं तर "पॉलिसी नाही." बाहेर करतो म्हटलं तर "सर, बॅटरीची 8 वर्षांची वॉरंटी जाईल." ब्रेकच्या तेलाचा बॅटरीशी काय संबंध, ते तेवढं लेटरहेडवर लिहून द्या, असं म्हटलं. साहेब चहा मागवायला गेले ते आलेच नाहीत. इन्स्पेक्शन चार्ज मात्र घेतला.

पुसदच्या आमच्या मिस्त्रीने आधी गाडीभोवती एक चक्कर मारली. "काका, ते नारंगी वायर कुठून गेले ते सांगा, त्याले मी हात लावत नाही." लावायची गरजही नव्हती, हाय व्होल्टेजच्या नारंगी केबल वेगळ्या आहेत, ब्रेक तोच जुना हायड्रॉलिक. आधी 12 व्होल्टच्या बॅटरीचं निगेटिव्ह काढलं. मग वायपर, मग ते प्लास्टिक. अर्धा वेळ त्या प्लास्टिकच्या खुंट्यांत गेला, दोन तुटल्या. (त्या कंपनीकडे सुट्या मिळत नाहीत, आख्खं प्लास्टिक घ्या म्हणतात.)

दोन नट काढून सिलेंडर पुढे ओढला तशी बूस्टरच्या तोंडातून काळी धार लागली. खालचा रंग पापुद्रे धरून निघाला होता, ब्रेक ऑइल रंग खातंच. "हा डबाच तेल पिऊन राह्यला होता न बापा," मिस्त्री म्हणाला. जुन्यातच नव्या सीलचं किट टाकायचं का, असं मीच विचारलं, पैसे वाचत होते. त्याने सिलेंडरच्या आत बोट फिरवून नको म्हटलं. आत ओरखडे होते, आणि ॲल्युमिनियमला पॉलिश पेपर मारला की नवी सीलही टिकत नाही. अकोल्याहून नवा सिलेंडर मागवला, साडेचार हजार.

बसवण्याआधी त्याने तो शिकंज्यात धरला, दोन पारदर्शक नळ्या तोंडांतून परत टाकीत सोडल्या आणि आतली हवा काढायला पेचकसाने पिस्टन सावकाश दाबत राहिला. नळीतून आधी नुसता फेस, मग मोठे बुडबुडे, मग मोहरीएवढे, मग सलग तेल. जोडणीत पाइपांची तोंडं बंद ठेवली होती, म्हणून एबीएसमध्ये (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेत) हवा शिरली नाही आणि ती काढायला स्कॅनर लागला नाही. पुढे चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली. पोरगा पेडलवर, "दाब... धर... सोड." ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलं, डॉट 4 प्रकारचं वापरलं. उघडा डबा घेऊ नका, हे तेल हवेतलं पाणी ओढतं. कोरड्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश, पाणी मुरलेल्याचा 155 वर येऊ शकतो. 2 वर्षांनी बदला म्हणतात ते त्याचसाठी.

ट्रायल रीजन शून्यावर ठेवून मोकळ्या मैदानात घेतली. पेडल घट्ट, खाली बसतच नव्हतं.

त्यानंतर कापूस वेचून झाला, तूर निघाली, उन्हाळा लागला. थेंब नाही, दिवा नाही, पंप शांत. बूस्टरच्या बाबतीत यवतमाळवाल्यांचं म्हणणं निम्मं खरं होतं, हे मान्य. आम्ही सिरिंजने तेल ओढून, फडक्याने पुसून तोच ठेवलाय. आतलं रबर तेलाने फुगलं तर पेडल कडक होईल आणि पंप बंदच होणार नाही, असं मिस्त्रीने बजावलंय. म्हणून गाडी बंद करून पेडल चार-पाचदा दाबायचं, मग पाय दाबून ठेवून गाडी चालू करायची. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक. दर रविवारी करतो.

पाच पैकी साडेतीन. अर्धा तारा मिस्त्रीचा आहे. नवीन घेणाऱ्यांनी शोरूममध्ये सनरूफ उघडून बघण्याआधी बॉनेट उघडायला लावा आणि ब्रेक ऑइलची टाकी कुठाय ते सेल्समनला दाखवायला सांगा. मी एकाला सांगितलं, त्याने वॉशरची टाकी दाखवली.