ग्रामीण रुग्णालयाची बाहेरची भिंत: विटांची की तयार पॅनेलची?

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि त्याच दिवसांत अवकाळी वादळ छपरांचे पत्रे उडवतं. राखेच्या विटा स्वस्त. कोराडी, चंद्रपूरच्या वीजकेंद्रांची राख जवळच, गवंडीही गावचाच. पण ती भिंत दिवसभर तापते आणि रात्री वॉर्डातल्या रुग्णांवर उष्णता सोडते.

दोन पत्र्यांमध्ये रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून केलेली लोकर, भरलेली पॅनेल ही उष्णता बरीचशी बाहेरच अडवतात. रॉकवूल जळतही नाही. स्वस्तातली फोमची पॅनेल मात्र दवाखान्याला नकोतच, आगीत त्यांचा धूर जीवघेणा. वादळात वारा भिंतीला नुसता ढकलत नाही, कोपऱ्यांवर बाहेरही ओढतो. तिथे पॅनेलचे स्क्रू कमी अंतरावर लावायला हवेत.

नव्या वॉर्डासाठी मी पॅनेलच निवडेन, खालचा तीन फूट भाग विटांचा ठेवून. स्ट्रेचरचे धक्के आणि पावसाचे शिंतोडे तिथेच बसतात.