पंप ‘गेला’ सांगून 18,349 रुपये उकळले, गेला होता 320 रुपयांचा रिले

हेडलाइटच्या काचेवर पाणी फवारणारा हेडलॅम्प वॉशर बंद पडलाय आणि गॅरेजवाला पंपाचं नाव घेतोय, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा.

रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. आमचं बिल असं: पंप 7,850, ‘मोड्यूल प्रोग्रॅमिंग’ 3,500, ‘वायरिंग दुरुस्ती’ 2,400, मजुरी 1,800. एकूण 15,550, त्यावर 18 टक्के जीएसटी 2,799. हातात दिलेल्या कागदावर जीएसटी नंबर कुठेच नाही. नंबर नसलेल्या कागदावर कर घेतायत, तर तिथेच हात आखडता घ्या.

लबाडी झाली ती मल्टिमीटर दाखवताना. चाकाच्या कमानीतलं प्लास्टिक ओढून मेकॅनिकने पंपाचं कनेक्टर काढलं, पोऱ्याला वॉशरची दांडी ओढायला लावली, आकडा क्षणभर 12.4 वर गेला. “बघा साहेब, सप्लाय बरोबर येतोय. रिलेही टिकटिकतोय. पंपच गेला.” एवढं डोळ्यांदेखत दाखवल्यावर कोण नाही म्हणेल? पण चोरी नेमकी तिथेच होती. कनेक्टर काढलेलं असताना त्या वायरीतून करंट वाहतच नाही, मग रिलेच्या जळालेल्या काँटॅक्टमधूनही (करंट जोडणाऱ्या आतल्या टोकांमधूनही) मीटर पूर्ण 12 व्होल्ट दाखवणारच. काँटॅक्टचा रोध 1 ओहम झाला आणि पंपाचाही तेवढाच असला, तर पंप जोडून चालवताना निम्मा व्होल्टेज रिलेतच जातो. पंपाला जेमतेम 6 व्होल्ट मिळतात, फवाऱ्याचं नोझल वर येतच नाही. आणि टिकटिक म्हणजे फक्त काँटॅक्ट ओढणारी कॉइल चालू आहे, 85 आणि 86 या पायांमधली. पंपाचा करंट जातो 30 वरून 87 वर, त्याची हमी आवाज देत नाही.

रिले काढून सॉकेटमध्ये 30 आणि 87 जोडा, सेकंदभरच, जाड वायरने, मध्ये पंपाच्याच रेटिंगचा फ्यूज घालून. फवारा उडाला तर पंप ठणठणीत आहे. 85-86 चुकूनही शॉर्ट करू नका, रिलेला हुकूम देणाऱ्या कंट्रोल मोड्यूलमधलं सर्किट जळेल. याहून सोपं म्हणजे त्याच फ्यूजबॉक्समधला त्याच नंबरचा दुसरा रिले तिथे लावून बघणं. मात्र अंगावरची पायांची आकृती जुळलीच पाहिजे, काही रिलेंत 30 आणि 86 च्या जागा उलट असतात. त्याआधी टाकीत पाणी आहे का तेही बघा: पातळी खाली गेली की बऱ्याच गाड्या हेडलॅम्पचा फवारा आपोआप बंद ठेवतात. आणि हेडलाइट लावल्याशिवाय तो उडतही नाही.

बिलावर रिलेचा उल्लेख नाही. पण फ्यूजबॉक्समध्ये धुळकट रिलेंच्या रांगेत एकच कोरा करकरीत, आणि जुना डिकीत टूलकिटखाली टाकलेला. कव्हर उचकटलं तर आत काजळी, एका काँटॅक्टवर खड्डा, समोरच्यावर धातूचा उंचवटा. कॉइल मोजली, 90 ओहम, म्हणजे व्यवस्थित. पंप? या गाडीत तो बदलायचा तर बंपर उतरवावाच लागतो, आणि बंपरच्या स्क्रूंच्या खाचांत जुना चिखल जसाच्या तसा! पान्याचा स्पर्शही नाही. जुना पंप मागितल्यावर उत्तर मिळालं, “भंगारात गेला.”

काँटॅक्ट का जळतो तेही समजून घ्या. मोटर सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट ओढते, बंद होताना ठिणगी पडते, आणि इथे प्रत्येक फवारा म्हणजे एक सुरुवात. बोअरचं पाणी भरलं की क्षार साचून पंप जड होतो, करंट आणखी वाढतो. डिस्टिल्ड पाणी आणि वॉशर फ्लुइडच भरा. मूळ रिले 30 अँपिअरचा असेल तर दुकानदाराने दिलेला 20 चा लावू नका.

“एवढं कशाला, वॉशरचा फ्यूजच काढून टाका,” असा सल्ला देणारेही भेटले. झेनॉन हेडलाइटचा डी2एस बल्ब सुमारे 3,200 ल्युमेन (प्रकाशाचं माप) देतो. काचेवर चिखल असला की तोच प्रकाश विखरून समोरच्याच्या डोळ्यांत जातो, म्हणून तर युरोपच्या नियमांत 2,000 ल्युमेनच्या वरच्या दिव्यांना वॉशर सक्तीचा आहे.

तक्रारीचं तर बोलायलाच नको. चौकीत ऐकवलं, “हा दिवाणी मामला.” जळका रिले टेबलावर ठेवला तर हवालदाराने तो उचलूनही पाहिला नाही. पैसे राजीखुशीने दिले ना, मग फसवणूक कसली, असा उलट सवाल. राजीखुशीने? खोटं रीडिंग दाखवून घेतलेली संमती राजीखुशीची कशी? आरटीओत म्हणाले, गॅरेज आमच्या अखत्यारीत नाही. गाडीच्या कंपनीने ‘अधिकृत केंद्र नाही’ म्हणून फोन ठेवला. प्रत्येकाकडे अर्ज होता, शिक्का होता, पण बंपरचे स्क्रू बघायला कुणी उठलं नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो. काम सुरू व्हायच्या आधीच लिहून घ्या की जुने पार्ट परत हवेत. पैसे यूपीआयनेच द्या. आणि बिल पटलं नाही तर गाडी हलवण्याआधी तिथेच स्क्रूंचे, फ्यूजबॉक्सचे, पंपावरच्या नंबराचे फोटो काढा, बाहेर पडल्यावर ते म्हणतील चिखल नंतर लागला. आम्हाला तेच म्हणाले.