केअर सेंटरमध्ये आईकडे दुर्लक्ष होतंय: तिथेच तक्रार करायची, घरी आणायचं, की जागा बदलायची?

पाठीवर जखम दिसलीय, किंवा दोन महिन्यांत वजन उतरलंय, किंवा भेटायला गेलं की आई हात सोडत नाही. असं काही पाहून तुम्ही हे वाचत असाल, तर केअर सेंटर म्हणजे काय आणि महिन्याला किती घेतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. पुढे काय करायचं, एवढाच प्रश्न उरतो. वाटा तीन आहेत आणि गेल्या काही वर्षांत मी तिन्ही वाटांनी गेलोय.

आधी आमची परिस्थिती, कारण माझं मत तिच्यातूनच आलंय. २०२२ च्या दिवाळीनंतर आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. एकच शब्द उरला, "हो". भूक लागली का? हो. दुखतंय का? हो. दुखत नाही ना? हो. तिचं काय चाललंय हे तिच्याकडून कळायची सोयच नव्हती, ते डोळ्यांनीच पाहावं लागायचं. तुमचे वडील स्वतः फोन लावून गाऱ्हाणं सांगू शकत असतील, तर तुमचं गणित थोडं वेगळं येईल.

पहिलं सेंटर पुण्याच्या पूर्वेला, हायवेपासून बरंच आत होतं. स्वच्छ, मोठी बाग, लिफ्ट, दर महिन्याला अठ्ठावीस हजार आणि डायपर वेगळे. चिंचवडहून जायला दीड तास लागायचा, म्हणून आम्ही रविवारी जायचो. नियम एकच होता, येण्याआधी फोन करा. मला तो आठ महिने वाजवी वाटला. आंघोळीची वेळ असते, जेवणाची असते, त्यांनाही कामं आवरायची असतात.

सप्टेंबरात एका मंगळवारी कंपनीच्या कामाने रांजणगावला गेलो होतो. परतताना वाटेवर होतं म्हणून थांबलो. गेटवर पहिला प्रश्न, "फोन केला होता का?" नाही म्हटल्यावर बाकावर बसवलं. चाळीस मिनिटं. मग आत नेलं, तर आईच्या केसांना तेल लावून नुकतीच वेणी घातलेली, पावडरचा वास, पलंगावर घडीची चादर. "आत्ताच सगळं बदललंय, सर." खरंच बदललं होतं. मी म्हटलं, एका कुशीवर करा, मला पाठ पाहायचीय. दोघी सिस्टर एकमेकींकडे पाहत राहिल्या. माकडहाडावर रुपयाच्या नाण्याएवढी काळपट जखम होती. बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम. ती चाळीस मिनिटांत झालेली नव्हती आणि एका आठवड्यातली तर नव्हतीच. मागच्या रविवारी मी त्याच पलंगाशी दोन तास बसलो होतो.

त्या दिवसानंतर जखमेइतकाच तो फोनचा नियम माझ्या डोक्यात बसला. आपण जे पाहतो ते आपल्यासाठी मांडलेलं असतं, हे एकदा कळलं की पुढच्या कुठल्याही भेटीवर विश्वास बसत नाही.

वाट कुठलीही धरा, पहिल्या दोन दिवसांचं काम एकच. जखम सेंटरच्या डॉक्टरखेरीज बाहेरच्या एखाद्या डॉक्टरला दाखवा. तारखेसकट फोटो काढा. नुसती लाली असेल तर बोटाने दाबून पाहा. दाबल्यावर ती फिकी होत नसेल, तर ती बेडसोरची सुरुवात समजा. माणूस अचानक बरळायला लागला असेल, तर "वय झालंय" हे उत्तर घेऊ नका. अंगातलं पाणी कमी झाल्याने किंवा लघवीच्या जंतुसंसर्गाने म्हाताऱ्या माणसांचं असं होतं आणि ते बरं होऊ शकतं. मारल्याच्या खुणा असतील किंवा अंगावरचा दागिना गेला असेल, तर तुलना करत बसू नका, ११२ लावा.

तिथेच राहून तक्रार करायची, ही वाट मी दोन महिने चालून पाहिली. तिच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. म्हाताऱ्या माणसाला जागेची सवय झालेली असते, स्मृतिभ्रंश असेल तर हलवल्याने गोंधळ वाढू शकतो, आणि चूक एखाद्याच पाळीतल्या एखाद्याच माणसाची असेल तर ती सुधारतेही. तोंडी बोलू नका, लेखी द्या आणि पोचेची सही घ्या. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद पलंगाशी लावायला सांगा. केस पेपरच्या प्रती मागा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत रुग्णाने किंवा त्याच्या माणसांनी मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असं आहे. अर्जात तो उल्लेख केल्यावर आम्हाला प्रती मिळाल्या. कूस बदलल्याचा तक्ताही लागला. पण त्यावरच्या साऱ्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच हाताच्या होत्या, रात्री दोनची आणि चारचीसुद्धा. आणि फोनचा नियम काही हटला नाही.

याच काळात कायद्याबद्दल सल्ले खूप मिळतात. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा सगळे सुचवतात. त्यातलं न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे चालतं, पण त्याचा मुख्य भाग मुलांकडून मिळायच्या निर्वाहाचा आहे. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत हलगर्जी झाली, तर वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या कायद्यापासून तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. म्हणून कागद आणि फोटो जपून ठेवा, दावा पुढेही लावता येईल. कुठून सुरुवात करावी सुचत नसेल, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे. मी लावली, बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि काय काय करता येईल ते नीट सांगितलं. या सगळ्याचा उपयोग आहे, पण आयोगाची तारीख पडेपर्यंत जखम थांबत नाही.

मग घरी आणलं. मामा पहिल्या दिवसापासून तेच म्हणत होता, आणि खरं सांगायचं तर आम्हाला दोघांनाही तेच हवं होतं. हॉस्पिटलचा पलंग भाड्याने घेतला, एअरबेड आणला, ब्युरोकडून चोवीस तासांची मावशी घेतली. आईला आपली खोली मिळाली, खिडकीतून कडुनिंब दिसायचा. पहिला महिना ती हसायची. जखम भरत आली. ज्यांच्या घरी दिवसभर कुणी असतं, त्यांनी हीच वाट आधी पाहावी, असं मला अजूनही वाटतं.

आमच्याकडे दिवसभर कुणी नसायचं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात आई आणि मावशी, दार बंद. मावशी वाईट नव्हती. पण दर दोन तासांनी कूस बदलायची तर ती रात्रीही बदलावी लागते, आणि चोवीस तास एका माणसाकडून ते होत नाही. ती दुपारी झोपायची, झोपणारच. रात्रीचं काम मी आणि बायकोने वाटून घेतलं. चार महिन्यांत मावश्या तीन बदलल्या. प्रत्येकीला पहिल्यापासून शिकवायचं, की पाणी तसंच पातळ द्यायचं नाही, घट्ट करून द्यायचं, नाहीतर ठसका लागतो. मी निघताना "अर्ध्या तासात पोचतोय" असा फोन करायचो. एकदा विसरलो आणि लवकर पोचलो. डायपर दुपारपासून तसाच होता. दारात उभा राहिलो आणि मंगळवारचा तो बाक आठवला. आता गेट माझंच होतं, फोन करून येणाराही मीच.

ताईशी नागपूरला फोनवर तासभर बोललो, तेव्हा नेमकं काय हवंय ते पहिल्यांदा सापडलं. आईवर न सांगता पडणाऱ्या नजरा वाढायला हव्या होत्या. जागा कशी आहे, हे त्याच्यानंतर.

आताचं सेंटर घरापासून स्कूटरवर बारा मिनिटांवर आहे. जुना बंगला, बाग नाही, भिंतींचा रंग उडालेला, सतरा माणसं. महिन्याला चोवीस हजार. ठरवण्याआधी मी तीनदा न सांगता गेलो, एकदा दुपारी दीडला आणि दोनदा रात्री नऊनंतर. तिन्ही वेळा कुणीही "फोन केला होता का" विचारलं नाही. रात्री माणसं किती असतात ते मी स्वतः मोजलं, दोन होती. बाकीच्यांचे नातेवाईकही आसपासचेच, त्यामुळे कुणी ना कुणी डबा घेऊन, पेपर घेऊन येत-जात असतं. शेजारच्या पलंगावरच्या आजोबांची सून सकाळी येते आणि जाता जाता आईच्या पांघरुणाकडे पाहते. कधी मला फोन करते, "दादा, काकूंचा पाय पलंगाच्या दांडीला टेकत होता, मी उशी लावली." मीही तिच्या सासऱ्यांकडे पाहतो. हे पैसे देऊन मिळत नाही आणि घरी एका मावशीच्या भरवशावरही मिळालं नाही.

हलवल्याचा त्रास झालाच. पहिले आठ दिवस आई नीट जेवली नाही, मी दोन्ही वेळा भरवायला जात होतो. जुन्या सेंटरकडून अनामतीतले काही पैसे अजून यायचेत. तुम्ही सोडणार असाल, तर आधी डिस्चार्जचे कागद आणि औषधांची यादी हातात घ्या, हिशेबाचं बोलणं नंतर. आणि घरी दिवसा कुणी असेल, रात्रीसाठी वेगळा माणूस परवडत असेल, तर माझं ऐकून घर सोडू नका. तसं नसेल, तर मी आज पुन्हा जवळची, साधी, दार उघडं ठेवणारी जागाच निवडेन.

सगळं आलबेल आहे असं नाही. गेल्या गुरुवारी सकाळी गेलो, तर टाचेवर लाली होती, दाबल्यावर फिकी न होणारी. सिस्टरला दाखवली, टाचेखाली उशी ठेवायला सांगितलं. संध्याकाळी परत गेलो, उशी होती. रात्री साडेनऊला पुन्हा गेलो. उशी जागेवर होती, आणि आई जागी होती. "आई, बरं वाटतंय ना?" विचारलं, तर म्हणाली, "हो."