सहा महिने नॅरोबोटीवर: कालव्याकाठच्या पबांचा अनुभव

मी मिरजेची. आमच्याकडे 'परमिट रूम'ची पाटी आणि काळ्या काचा दिसल्या की मुलींनी पावलं उचलायची, हे कुणी न सांगताही कळायचं. इंग्लंडात नऊ वर्षं राहूनही ऑफिसातल्या कुणाचा निरोपसमारंभ असेल तेव्हाच मी पबात जायची. गेल्या वर्षी एप्रिल ते सप्टेंबर नवरा आणि मी 57 फुटी नॅरोबोटीवर, म्हणजे कालव्यात चालणाऱ्या लांबट, अरुंद बोटीवर, राहिलो, आणि त्या सहा महिन्यांत किमान चाळीस पबांत जेवलो. ग्रँड युनियन आणि ऑक्सफर्ड या दोन कालव्यांवरचा हा अनुभव आहे.

नॅरोबोटीची रुंदी 7 फुटांहून किंचित कमी असते, कारण जुन्या लॉकची, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदांची, रुंदीच तेवढी. वेगमर्यादा ताशी 4 मैल. दिवसाला आठ-दहा मैल आणि पाच-सहा लॉक झाले की अंग बोलायला लागतं. म्हणजे जिथे दिवस मावळेल तिथला पब आपला. अनेक जुन्या पबांचं तोंडच कालव्याकडे आहे, कारण त्यांचं गिऱ्हाईक पाण्यावरून यायचं. बोट ओढणाऱ्या घोड्यांचे तबेलेही तिथेच असत. आजही चिखलाचे बूट घालून, लॉकचं हँडल कमरेला खोचून आत गेलात तर कुणी नाक मुरडत नाही. उलट "कुठून आलात? पुढच्या लॉकला पाणी आहे का?" अशी चौकशी होते. पुढचा मार्ग आम्हाला नकाशापेक्षा बारवरच जास्त कळला.

माझा सर्वांत आवडता पब स्टोक ब्रुअर्नचा 'द बोट इन'. तिथे शक्यतो उत्तरेकडून, ब्लिझवर्थच्या बोगद्यातून या. बोगदा 3,076 यार्डांचा, म्हणजे सुमारे 2.8 किलोमीटर. आत पायवाट नाही, वरून पाणी ठिबकतं, अर्ध्या तासाहून जास्त वेळ काळोख. बाहेर पडून थोडं पुढे आलात की लॉक आणि काठाला लागून पब. 1877 पासून तो एकाच कुटुंबाकडे आहे. आत स्किटल्सचं टेबल आहे: नऊ खुंट्या, आणि त्या पाडायला 'चीज' नावाच्या जाड चकत्या. माझे पहिले तीन नेम चुकल्यावर शेजारच्या आजींनी माझं मनगट धरलं आणि चकती कशी सोडायची ते करून दाखवलं. चौथ्या नेमाला पाच खुंट्या पडल्या. पुढचा तासभर आम्ही दोघी खेळत होतो.

बिअरबद्दल: हँडपंपाने ओढून देतात ती कास्क एल मागा. ती पिंपातच मुरत असते आणि तळघराच्या गारव्याला, म्हणजे 11 ते 13 अंशांना देतात. बर्फगार बिअरची सवय असेल तर पहिला घोट कोमट वाटेल; अर्धा पाइंट घ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. बॅनबरीच्या आसपास हुक नॉर्टनची मिळते, ती चुकवू नका. ही ब्रुअरी 1849 पासूनची आहे. पिणार नसाल तर लाइम-सोडा मागा, कुणी आग्रह करत नाही. टेबलाशी वेटरची वाट बघत बसू नका, बारवर जाऊन सांगायचं असतं.

त्रासही झाला. दुपारी अडीचला स्वयंपाकघर बंद, सोमवारी-मंगळवारी कित्येक पबच बंद. एका ठिकाणी फोनवर "जेवण मिळेल" म्हणाले, आणि सात लॉक ओलांडून पोचलो तर फक्त चिप्सची पाकिटं. बोटीवर तांदूळ आणि मेतकूट असू द्याच. शाकाहाऱ्यांना चीज-कांद्याचं सारण भरून भाजलेला 'पाय' (pie) बहुतेक ठिकाणी मिळतो, पण आठवड्यात त्याचा कंटाळा येतो.

आमचा नियम एकच होता: बोट बांधल्याशिवाय ग्लासाला हात नाही, आणि प्यायल्यावर लॉकला हात नाही. मे महिन्यात एकदा बांधलेली बोटही सुटली. पावसाने काठ भुसभुशीत झाला होता, कुणाची तरी बोट जोरात गेली आणि आमचा खुंटा उपसला. आम्ही पबात होतो. एक माणूस दारात येऊन म्हणाला, "हिरवी बोट कुणाची? आडवी झालीय." आम्ही उठेपर्यंत चार जण बाहेर पडले होते. त्यांनीच दोर ओढून बोट काठाला आणली, खुंटे पुन्हा ठोकून दिले, आणि जाऊन आपापल्या ताटांवर बसले.

शेवटचा मुक्काम हॉक्सबरी जंक्शनला होता. ऑक्सफर्ड आणि कोव्हेंट्री कालवे इथे मिळतात. कोळसा वाहणारे बोटवाले पुढच्या मालाच्या हुकमाची वाट बघत इथेच थांबायचे. समोर 'द ग्रेहाउंड'. पुलाखालून जवळजवळ पूर्ण गिरकी घ्यावी लागते, तीही बाहेर बसलेल्या सगळ्यांच्या देखत. सुकाणू माझ्या हातात होतं. वेग अगदी कमी केला, नाक हळूहळू फिरलं, कुठेही घासलं नाही. काठावरच्या एका आजोबांनी ग्लास खाली ठेवला आणि दोरासाठी हात पुढे केला.