वातीची कुंडी: पहिल्या झाडासाठी घ्यावी का?

सांगली-मिरज भागातल्या नर्सऱ्यांत हल्ली मनी प्लँटच्या शेजारीच 'सेल्फ वॉटरिंग' कुंड्या मांडलेल्या असतात. पहिल्यांदाच झाड घेणाऱ्याला "पाण्याची कटकट नाही" म्हणून ती हमखास दाखवली जाते. सहा इंची कुंडी दोनशेच्या आत-बाहेर मिळते. कुंडी चांगली आहे, पण ते बोलणं अर्धंच खरं. पाणी घालायचं काम कमी होतं, झाडाकडे बघायचं काम तेवढंच राहतं.

रचना सोपी आहे. बाहेरच्या भांड्यात साधारण अर्धा लिटर पाणी, आत लावणीची कुंडी आणि तिच्या तळातून खाली सोडलेली वात. समईतली वात तेल ओढते तसं ही पाणी वर ओढते. त्यासाठी वरचं मिश्रण भुसभुशीत लागतं, आणि आपल्याकडे घोटाळा होतो तो इथेच. मळ्यातली काळी माती फुकट मिळते म्हणून तीच भरली जाते. ती भिजली की चिकट होते, हवा कोंडते आणि मुळं कुजतात. वाळली की भेगाळून वातीपासून सुटते, मग खाली पाणी असूनही झाड तहानलेलं.

दोन भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), एक भाग गांडूळखत, एक भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे) हे मिश्रण घ्या. परलाइट मिळाला नाही तर लाकडी कोळशाचे वाटाण्याएवढे तुकडे चालतात. कोकोपीटची 650 ग्रॅमची वीट तीन-साडेतीन लिटर पाण्यात फुगते. त्यात मीठ असू शकतं, म्हणून दोनदा धुऊन पिळून घ्या.

रोप पिशवीतून काढल्यावर मुळांभोवती लाल मातीचा घट्ट गोळा असतो. तो बादलीत बुडवून हलक्या हाताने बराचसा सोडवा. तसाच ठेवला तर बाहेरचं मिश्रण वाळलं तरी गोळा ओलाच राहतो आणि कूज तिथूनच सुरू होते. वात आधी भिजवा, कारण कोरडी वात पाणी ओढायला लागतच नाही. तिचं वरचं टोक मिश्रणात निम्म्या उंचीपर्यंत उभं ठेवा, खालचं भांड्याच्या तळाला टेकू द्या. सोबत आलेली वात सुती असेल तर ती काही महिन्यांत कुजते. नायलॉनची दोरी टिकते. लावल्यावर पहिलं पाणी वरून, खाली निथळेपर्यंत. नवी मुळं धरेपर्यंत, म्हणजे दोनेक आठवडे, खालचं भांडं रिकामंच ठेवा आणि मिश्रण बोटाला कोरडं लागलं की वरूनच पाणी द्या.

मनी प्लँट, सिंगोनियम, पीस लिली यांना ही कुंडी मानवते. पहिल्या झाडासाठी आमची पसंती पीस लिलीला: तहान लागली की पानं सरळ मान टाकतात आणि पाणी मिळाल्यावर काही तासांत उभी राहतात. झाडाचं ऐकायला शिकवणारं असं दुसरं झाड नाही. पाणी असूनही मान टाकलेलीच दिसली तर मुळं तपासा. स्नेक प्लँट आणि झीझी मात्र या कुंडीत लावू नका. त्यांच्या जाड कंदांत पाण्याचा साठा असतो, सततच्या ओलीने ते मऊ पडतात.

बोअरचं पाणी वापरत असाल तर काही आठवड्यांत मिश्रणावर पांढरा थर दिसेल. पाणी वर चढून उडून जातं, क्षार मागे राहतात आणि पानांची टोकं करपतात. महिन्यातून एकदा आतली कुंडी मोरीत ठेवून वरून दीड-दोन लिटर पाणी सोडा, सगळं निथळू द्या. नळाचं पाणी असेल तर हे दोन महिन्यांनी केलं तरी भागतं. पातळी दाखवणारा तरंगता काटाही क्षारांनी अडकतो. लिंबाच्या पाण्यात भिजवला की सुटतो.

पाणी भरायचं तोंड उघडं असणं हा या कुंडीचा खरा दोष. डासाची अंडी ते डास हा प्रवास आठ-दहा दिवसांत होतो, त्यामुळे दर आठवड्याला भांडं रिकामं करून आतून घासा आणि तोंडात स्पंजचा तुकडा बसवा. पावसाळ्यात अर्धंच भरा. भांड्यातलं पाणी संपल्यावर ते एक-दोन दिवस कोरडं राहू दिलं तर मुळांना हवा मिळते आणि मिश्रणावर घोंगावणारी काळी चिलटंही कमी होतात. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या खिडकीतून कुंडी हलवाच. तिथे पानं भाजतात, आणि त्यावर वातीचा इलाज नाही.

घेताना झाकण असलेली आणि आतली कुंडी सहज उचलता येणारी बघा. तळाशी वातीचं भोक एकच असेल तर आठ इंची घेऊ नका, कडेची माती कोरडी राहते.