जंतू आधी कुणाला दिसतो: बी पेशीला की टी पेशीला?

रावेर-यावलकडे कपाशी उपटताना पऱ्हाटीचं खुंट तळपायात घुसतं, सोबत माती आणि जंतूही. त्या जंतूंशी लढतात दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशी: बी आणि टी.

बी पेशीचा रिसेप्टर (जंतू ओळखणारा भाग) म्हणजे तिच्या पडद्यात रोवलेली अँटिबॉडीच, जंतूला चिकटणारं प्रथिन. ती जंतू किंवा त्याचं विष अख्खं, आहे त्या आकारात धरते. प्रथिन असो वा साखरेची साखळी. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडली की ओळख बहुधा हुकते.

टी पेशीचं तसं नाही. तिला तुकडेच लागतात, तेही दुसऱ्या पेशीने एमएचसी या तिच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाच्या ताटलीत वाढलेले. एमएचसीच्या वर्ग 1 वर साधारण 8 ते 10 अमिनो आम्लांचा तुकडा सीडी8 ही टी पेशी वाचते. वर्ग 2 वरचा लांब तुकडा सीडी4 ही दुसरी टी पेशी. घडी मोडली तरी हिचं अडत नाही.

खरा फरक धोक्याच्या इशाऱ्यात आहे. बी पेशी टीएलआर-9 या धोका ओळखणाऱ्या रिसेप्टरने जिवाणूचा डीएनए स्वतः हेरते. नवखी टी पेशी तिला तुकडे दाखवणाऱ्या डेंड्रिटिक पेशीच्या भरवशावर: त्या पेशीने धोका ओळखून सीडी80, सीडी86 ही प्रथिनं पृष्ठभागावर काढली, तरच टीच्या सीडी28 या रिसेप्टरला दुसरा इशारा मिळतो. नाहीतर टी पेशी सुन्न पडते. धनुर्वाताच्या लसीत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घालतात ते ही यंत्रणा जागी करायला.

त्या लसीतला टॉक्सॉइड (निष्प्रभ केलेलं विष) बी पेशी गिळते, तुकडे टी पेशीला दाखवते, मग तिला टी पेशीची मदत मिळते. जंतूवरच्या नुसत्या साखरेच्या लसीत टी पेशीला दाखवायला काहीच नसतं. म्हणून 2 वर्षांखालच्या बाळांसाठी न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जिवाणूची साखर प्रथिनाला जोडून देतात.