लॅपटॉप मंदावलाय? सर्व्हिस बंद करणं, मॅन्युअलवर टाकणं की एसएसडी

विंडोजचा जुना लॅपटॉप पळायला लागावा म्हणून वीस-पंचवीस सर्व्हिस (विंडोजमध्ये पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम) एका दमात बंद करायला सांगणाऱ्या याद्या सगळीकडे फिरतात. माझं स्पष्ट मत आहे की त्यांच्या मागे लागू नये. बहुतेक सर्व्हिस काम नसेल तेव्हा नुसत्या बसून असतात, प्रोसेसरला हातही लावत नाहीत. जाच होतो तो दोन-तीन सर्व्हिसचा, आणि तोही मुख्यतः हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर.

त्यातली पहिली सिसमेन. विंडोज व्हिस्टात तिचं नाव सुपरफेच होतं. तुम्ही नेहमी वापरता ते प्रोग्रॅम ती आधीच रॅममध्ये आणून ठेवते. रॅम भरलेली दिसली तरी घाबरायचं कारण नाही, गरज पडली की ती जागा लगेच मोकळी होते. ८ जीबी रॅम आणि एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसणारी, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) असेल तर सिसमेनला हात लावू नका, बंद करून काही हाती लागत नाही. ४ जीबी आणि हार्ड डिस्क असेल, आणि टास्क मॅनेजरमध्ये (चालू प्रोग्रॅम आणि त्यांचा भार दाखवणाऱ्या खिडकीत) डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल, तर मात्र आधी ती नुसती 'स्टॉप' करून पाहा. तासाभराच्या कामात फरक जाणवला तरच कायमची बंद करा.

विंडोज सर्चचं तसं नाही. ती बंद केली की फाइल शोधणं रेंगाळतं, आउटलुकमध्ये जुना मेल सापडायला वेळ लागतो. ती चालू ठेवून इंडेक्सिंगमधून, म्हणजे ती शोधासाठी बनवते त्या सूचीतून, मोठी फोल्डर वगळणं जास्त चांगलं.

प्रिंट स्पूलरचा, म्हणजे प्रिंटची कामं रांगेत लावणाऱ्या सर्व्हिसचा, प्रश्न वेगाचा नाहीच, सुरक्षेचा आहे. २०२१ मध्ये 'प्रिंटनाइटमेअर' ही गंभीर त्रुटी याच सर्व्हिसमध्ये सापडली होती. घरी प्रिंटर नसेल तर बंद करायला हरकत नाही, पण मग 'प्रिंट टू पीडीएफ'ही चालणार नाही.

सर्व्हिसचा स्टार्टअप टाइप (ती कधी सुरू व्हावी ही सेटिंग) 'डिसेबल्ड' ठेवावा की 'मॅन्युअल' असा प्रश्न पडला तर मॅन्युअल निवडा. मॅन्युअलवरची सर्व्हिस गरज लागली की विंडोज सुरू करू शकतं, डिसेबल्ड असेल तर त्यालाही ते जमत नाही आणि भलतंच काहीतरी अडतं. प्रिंटर किंवा ड्रायव्हर बनवणाऱ्या कंपन्यांच्या अपडेटर सर्व्हिस मॅन्युअलवर टाकायला सगळ्यात योग्य. एखादी सर्व्हिस हवी आहे, पण लॅपटॉप सुरू होताना तिची गर्दी नको, तर 'ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)' आहेच. विंडोज अपडेट आणि डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) मात्र जसे आहेत तसेच राहू द्या.

याहून जास्त फायदा टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये आहे, तिथे लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या अ‍ॅपची यादी असते. चॅटची, मीटिंगची, गाण्यांची अ‍ॅप तिथून काढली तर काही बिघडत नाही, हवी तेव्हा उघडता येतात. सुरुवात तिथूनच करा.

आणि थोडे पैसे घालायची तयारी असेल तर हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. हार्ड डिस्क विखुरलेल्या ठिकाणांहून सेकंदाला साधारण शंभर वेळा वाचू शकते, एसएसडी हजारो वेळा. ही दरी सर्व्हिसच्या कुठल्याच बदलाने भरून निघत नाही. रॅम वाढवायची असेल तर आधी लॅपटॉपमध्ये मोकळा स्लॉट आहे का ते बघून घ्या, काहींमध्ये रॅम बोर्डवरच पक्की बसवलेली असते.

सर्व्हिसला हात लावायचाच असेल तर एका वेळी एकच बदला आणि तिचा आधीचा स्टार्टअप टाइप लिहून ठेवा. सगळं पूर्ववत करणारं बटण सर्व्हिसच्या खिडकीत नाही.